चाक काढण्याआधी चाक पाहावे

मोटार चालविणे, मोटार दुरुस्त करणे आणि मोटार विकणे हे तीन धंदे आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहेत. परंतु मोटार कशी दिसावी, तिच्यात माणसाने कसे बसावे, दार कोठे उघडावे, ओझे कोठे ठेवावे, हे ठरविणे हाही एक स्वतंत्र धंदा आहे आणि त्याची रीतसर पदवी मिळते, ही गोष्ट अजून फार थोड्या घरांत पोचली आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली निघाली. तिच्या गांधीनगरच्या आवारात वाहनरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. मुंबईच्या आय.आय.टी.त औद्योगिक रचनेचे केंद्र १९६९ पासून आहे व तेथेही हा विषय पदव्युत्तर वर्गात शिकवितात. पुण्याजवळ लोणी काळभोरला तर बारावीनंतरच ह्या वाटेला लागता येते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये हा विषय १९६७ पासून आहे. म्हणजे शिक्षण नवे नाही. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत त्याची वार्ता तेवढी नवी आहे.

ह्या शिक्षणाच्या दारावर बहुतेक ठिकाणी एक वस्तू मागतात. तिला पोर्टफोलिओ म्हणतात. आपण तिला कामाची चोपडी म्हणू. गुणपत्रिकेवर मुलाने काय पाठ केले ते कळते; ह्या चोपडीवरून त्याने काय पाहिले आणि पाहून काय केले ते कळावे, अशी अपेक्षा असते. कोठे ती आधी पाठवावी लागते, कोठे मुलाखतीच्या वेळी समोर ठेवावी लागते. बारावीनंतर आय.आय.टी.त रचनेच्या पदवीसाठी जी परीक्षा होते, तिच्यात चोपडी मागत नाहीत, पण तेथे बसल्या जागी चित्र काढून दाखवावे लागते. एकूण काय, हाताची आणि नजरेची परीक्षा चुकत नाही.

ही चोपडी कशी करावी ह्याविषयी सध्या जे चालले आहे, त्याबद्दल मला चार शब्द लिहावयाचे आहेत. मी चित्रकलेचा शिक्षक. नोकरी सारी करवीरनगरीत झाली. परंतु माझे मूळ गाव भालकी. बीदर जिल्ह्यातले हे गाव पूर्वी निजामाच्या मुलखात होते, १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले आणि पुढे त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. भाषा मात्र सरहद्दीच्या रेघेला विचारून बदलत नाही. भालकीच्या बाजारात आजही मराठी, कानडी, उर्दू आणि दखनी ह्यांची सरमिसळ ऐकू येते. वर्षातून एकदोन वेळा मी तेथे जातो, आणि चित्रकलेचे गुरुजी आले म्हटल्यावर कोणी ना कोणी आपल्या मुलाची वही घेऊन येतो.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक शेतकरी आपल्या मुलासह आला. मुलगा बारावीत गेलेला. त्याच्या हातात काळ्या कव्हराची एक फाइल होती. उघडून पाहतो तो पहिल्या पानावर लालभडक शर्यतीची मोटार, दुसऱ्यावर निळी, तिसऱ्यावर चंदेरी. सगळ्या मोटारी तिरक्या उभ्या, सगळ्यांची नाके जमिनीला टेकलेली, सगळ्यांवर तोच चकाकणारा उजेड. "ह्या गाड्या तू कोठे पाहिल्यास?" मी विचारले. "मोबाईलवर, गुरुजी." त्याचे उत्तर सरळ होते. मग वडिलांनी खरी गोष्ट काढली. शहरातल्या एका वर्गाने ही चोपडी 'पूर्ण करून' देण्याचे कबूल केले होते. "गुरुजी, लई पैसे मागायलेत. द्यावं का नको, तुम्ही सांगा." रक्कम ऐकून मी क्षणभर गप्प राहिलो. घरची म्हैस आणि त्या वर्षाचे सोयाबीन मिळून ती भरली असती.

मी फाइल मिटणार, एवढ्यात शेवटच्या कप्प्यातून शाळेच्या वहीची दोन फाटकी पाने बाहेर आली. त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे मागचे अंग काढले होते. चित्र ओबडधोबड होते. पण बाजूला आकडे होते : ट्रॉलीची मागची फळी रस्त्यापासून किती उंच, ऊस फळीबाहेर किती लोंबतो, मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे किती उंचीवर येतात. आमच्या भागात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर ह्या ट्रॉल्या दिसतात, किंबहुना दिसत नाहीत. मागे दिवा नसतो, असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. मुलाच्या ओळखीचा एक माणूस अशाच ट्रॉलीवर आदळला होता. तेव्हापासून हा मुलगा लोंबत्या उसाच्या खाली, पण डोळ्यांच्या रेषेत, चकाकणारी पट्टी कशी बसविता येईल ह्याचा विचार करीत होता. त्याने तीन तऱ्हा काढल्या होत्या. दोन स्वतःच खोडल्या होत्या, आणि का खोडल्या ते पेन्सिलीने लिहिले होते : एक ऊस उतरविताना मोडेल, दुसरी चिखलाने माखेल.

मी त्या गृहस्थांना सांगितले की म्हैस विकू नका. ही दोन पाने हीच तुमच्या मुलाची चोपडी आहे. बाकीची सारी फाइल दुसऱ्याची आहे.

हे मी त्यांची समजूत घालण्यासाठी बोललो नाही. वाहनरचना म्हणजे सुंदर मोटारीचे चित्र, ही समजूतच मुळात चुकीची आहे. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९३०च्या दशकात एका स्वस्त गाडीचे काम हाती घेतले, तेव्हा तिच्या प्रमुखाने रचनाकारांपुढे जे मागणे ठेवले ते प्रसिद्ध आहे : दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे तिच्यात मावले पाहिजेत, आणि नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत. त्यातून निघालेली गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली, तेव्हा पुष्कळांनी तिच्या रूपाला नावे ठेवली. पुढे ४० वर्षांहून अधिक काळ ती बनत राहिली. तिला रूप देणारा फ्लामिनिओ बेर्तोनी हा मूळचा इटलीचा शिल्पकार. बटाटे, अंडी आणि नांगरट ह्यांचा विचार करणारा मनुष्य शिल्पकार असू शकतो, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. आता सांगा, नांगरट आणि टोपली ह्यांची माहिती पॅरिसच्या मुलाला अधिक असणार की भालकीच्या?

आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर टाटांची 'एस' ही छोटी मालगाडी घ्या. ती २००५ साली आली आणि लोकांनी तिला 'छोटा हाथी' करून टाकले. ती आखताना पुण्याच्या मंडळींनी तीनचाकी चालविणाऱ्यांना गाठून त्यांच्याशी बोलणे केले. त्यांत जशी ओझ्याची गोष्ट निघाली तशी मानाचीही निघाली; तीन चाकांच्या धन्यापेक्षा चार चाकांच्या धन्याला समाजात वरची जागा मिळते. ही गोष्ट कोणत्याही चकचकीत चित्रात सापडत नाही. ती टमटमच्या थांब्यावर उभे राहिल्याने सापडते. असे थांबे आमच्या भालकीत हवे तेवढे आहेत.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, मुलाने चोपडीचा आरंभ दारातल्या वाहनापासून करावा. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारतात आले आणि त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. त्याच अहवालातून पुढे अहमदाबादची संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी गौरविले ते कोणते यंत्र नव्हे, तर आपला साधा तांब्या. किती पाणी मावते, डोक्यावर कसा बसतो, काखेत कसा बसतो, ओतताना तोल कसा जातो, धुतला कसा जातो, असे प्रश्न एका तांब्याला विचारता येतात हे त्यांनी दाखविले. हेच प्रश्न बैलगाडीला विचारून पाहा. ओझे आसाच्या किंचित पुढे का भरतात? मागे भरले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला काच बसतो. फार पुढे भरले तर सारा भार खांद्यावर येतो. लोखंडी धाव तापवून लाल करून का चढवितात? पाणी पडताच ती आवळते आणि आरे, तुंबा, पाटे ह्यांना एकत्र कसून धरते. आमच्याकडचे देवणी बैल उंचीने केवढे, त्यावर दांडीचा उतार ठरतो. हे सारे ज्या मुलाने मापून, विचारून आणि काढून ठेवले, त्याने वाहनरचनेचा पहिला धडा घेतला असे समजावे.

दुसरे सांगणे हाताविषयी. नजर असून भागत नाही. हातही तयार लागतो, आणि येथे लाड चालत नाहीत. वाहनाच्या चित्रात नवशिका कोठे सापडतो? चाकात. चाक समोरून वर्तुळ दिसते, तिरपे पाहिले की लंबवर्तुळ होते. त्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष नेहमी आसाच्या रेषेत येतो. हा नियम चुकला की गाडी पांगळी दिसते, मग वर कितीही रंग द्या. ज्याने गाडीचा आस पाहिला आहे त्याला हा नियम सांगावा लागत नाही, नुसता दाखवावा लागतो. मोटार काढताना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये सुमारे तीन चाके मावतील एवढे अंतर धरतात, हा आणखी एक ठोकताळा. रोज २० लंबवर्तुळे मोकळ्या हाताने काढावीत. महिन्याभरात हात वळतो. रेषेचा निश्चय म्हणजे काय हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने बीदरला जाऊन बिदरीचा कारागीर पाहावा. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या भांड्यावर तो मोकळ्या हाताने वेल काढतो, तीच रेघ कोरतो आणि तिच्यात चांदी ठोकतो. तेथे रबराने खोडण्याची सोय नाही.

तिसरे सांगणे चोपडीच्या मांडणीविषयी. पाने थोडी असावीत; पंधरावीस पुरे. त्यांत तीन-चार कामे पूर्ण दाखवावीत. प्रत्येक कामात अडचण काय दिसली, कोणाला विचारले, किती तऱ्हा काढल्या, कोणत्या टाकल्या आणि का टाकल्या, पुठ्ठ्याचा किंवा शाडूचा नमुना कसा केला, तो वापरून पाहिला तेव्हा काय बिघडले, हे क्रमाने यावे. टाकलेल्या तऱ्हा लपवू नयेत. आमच्या पिढीला स्वच्छ वहीची सवय. खाडाखोड दिसली की हातावर छडी. ह्या चोपडीत मात्र खाडाखोड हाच पुरावा. इंग्लंडात १९५९ साली निघालेल्या मिनी गाडीचा कर्ता अलेक इसिगोनिस हा हाती येईल त्या कागदावर भराभर आकृत्या काढी, आणि त्या वेड्यावाकड्या आकृत्या आज लोक कौतुकाने पाहतात. नमुन्याला लोहाराने वा वेल्डरने हात लावला असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही. मूळ टिपणे मराठीत असली तर तशीच ठेवावीत आणि खाली दोन ओळी इंग्रजीत द्याव्यात. विचार ज्या भाषेत झाला ती भाषा पुसण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे बोलायला ठीक. पण परीक्षक शहरातला असतो, त्याला झगमगाट आवडतो, आणि शहरातल्या मुलांकडे संगणक, चांगले रंग, शिकवण्या, सारे असते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. साधनांचा फरक खोटा नाही, आणि नीटनेटकी मांडणी केलेल्याला तिचा लाभ मिळतो हेही खरे. तथापि दुसरी बाजू पाहा. राष्ट्रीय संस्थेच्या प्रवेशात चोपडीखेरीज प्रत्यक्ष हाताने काम करून दाखविण्याची परीक्षा असते आणि मुलाखतही असते. विकत घेतलेल्या चोपडीचा धनी तेथे काय बोलणार? "ही रेघ अशी का?" एवढ्या एका प्रश्नात सारा डोलारा कोसळतो. ट्रॉलीच्या मुलाला हाच प्रश्न विचारा. तो तासभर बोलेल. त्याला प्रवेश मिळेलच असे मी म्हणत नाही. जागा थोड्या असतात आणि चांगली मुले पुष्कळ असतात. परंतु प्रवेश न मिळाला तरी त्या पट्टीचे काम त्याचेच राहील, आणि विकतची चोपडी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाईल.

शिकवणीच्या वर्गांना माझा सरसकट विरोध नाही. जो वर्ग मुलाला यथादर्शन शिकवितो, त्याच्या चुका दाखवितो, त्याने अवश्य मोबदला घ्यावा. पण जो मुलाच्या नावावर दुसऱ्याच्या हाताचे काम खपवितो, तो मुलाला पहिल्याच पायरीवर खोटे बोलावयास शिकवितो. ज्या धंद्यात उद्या माणसांचे जीव तुमच्या रेषेवर अवलंबून राहणार, त्याचा श्रीगणेशा लबाडीने व्हावा हे मला सोसत नाही.

चित्रकला आणि यंत्र ह्यांची सोयरीक आपल्या मुलखाला नवीन आहे काय? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे.जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकावयास गेले होते. काही रंग त्यांना ओळखू येत नसत, म्हणून रंगकाम सुटले. पण यांत्रिक रेखाटन त्यांनी सोडले नाही. तेच पुढे व्हिक्टोरिया जुबिली संस्थेत शिकविले, बेळगावात सायकलींचे दुकान घातले, आणि १९१० साली औंध संस्थानात, स्वतः चित्रकार असलेल्या राजाच्या आश्रयाने, किर्लोस्करवाडी वसविली. आपल्या कोल्हापुरातले बाबुराव पेंटर पडदे रंगवीत. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा आपल्या हातांनी तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. येथून जवळच इचलकरंजीला शंकरराव कुलकर्णी ह्यांनी अभियंत्याची पदवी नसताना १९४९ साली 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचा नमुना रस्त्यावर आणला आणि पुढे कित्येक वर्षे तो सुधारीत राहिले. 'मीरा' बाजारात आली नाही; परंतु आपल्याला हवी तशी गाडी आपण आखू शकतो, हे त्या माणसाने दाखवून दिले. आज जे शिक्षण पदवीच्या रूपाने मिळते, ते ह्या मंडळींनी पदरमोड करून, चुका करीत मिळविले. म्हणून ही पदवी आपल्या मुलांना परकी वाटण्याचे कारण नाही. मुलींनाही नाही. महिंद्रांची २०११ साली आलेली एक्सयूव्ही ५०० ज्यांच्या नेतृत्वाखाली आखली गेली त्या रामकृपा अनंतन ह्या मुंबईच्या आय.आय.टी.च्याच विद्यार्थिनी.

आता थोडे आम्हा वडीलधाऱ्यांविषयी. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षा आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे घरोघरी ठाऊक आहेत. त्यांतले विषय आठवा : स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती. समोरचे नीट पाहणे, पाहिलेले मनात ठेवणे, त्यातून नवे योजणे आणि मापात बसविणे. वाहनरचनेला ह्याहून निराळे काय लागते? ही चौकट आमच्या हाती इतकी वर्षे आहे. पण आम्ही तिला गुणांच्या बेरजेपुरती ठेवली. कित्येक शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या शिक्षकाने उसना घ्यावयाचा तास. खेड्यातल्या शाळेत तर चित्रकलेचा शिक्षक असलाच तर नशीब. सरहद्दीवरच्या मराठी शाळांची अडचण दुहेरी : ज्या राज्यात त्या आहेत तेथील भाषा वेगळी, आणि ज्या राज्याची भाषा त्या बोलतात ते राज्य पलीकडे.

ह्यावर मोठ्या योजना सुचविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु काही गोष्टी पैशावाचून होण्यासारख्या आहेत. भालकीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याच्या कर्मशाळेचे दार महिन्यातून एक दिवस शाळेच्या मुलांसाठी उघडले तर पुठ्ठ्याचा नमुना पत्र्यात कसा उतरतो ते त्यांना दिसेल. कोल्हापूर, पुणे, औरंगाबाद येथून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक आपापल्या गावी जातातच. त्यांनी सुट्टीतले आठ दिवस मुलांच्या वह्या पाहण्यास द्यावेत. पाहणे म्हणजे शाबासकी देणे नव्हे. चाक चुकले असेल तर चाक चुकले म्हणून सांगणारा माणूस खेड्यातल्या मुलाला मिळत नाही, आणि तोच शहरातल्या मुलाला पैसे देऊन मिळतो. खरा फरक तेथे आहे. रंगांच्या पेटीत नाही.

आणि ज्या घरात असा मुलगा वा मुलगी असेल त्या आईबापांना माझी एवढीच विनंती आहे. मूल रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रॉलीकडे, टमटमकडे, एस.टी.च्या पायरीकडे पाहत वेळ घालवीत असेल, म्हातारीला ती पायरी चढताना किती कष्ट पडतात हे न्याहाळीत असेल, तर त्याला रिकामटेकडे म्हणू नका. त्याच्या हातात एक कोरी वही, एक पेन्सिल आणि एक मोजपट्टी द्या. चोपडी तेथूनच सुरू होते.